वास ओळखणाऱ्या मावशी

मित्राच्या शिडाच्या बोटीवर संडासाचा वास काही जाईना. मी फिनेल ओतून ओतून दमलो, तेव्हा त्याने भोईवाड्याच्या एका मावशींना बोलावलं.

त्यांनी फडकं गरम पाण्यात पिळलं, मैल्याच्या टाकीच्या नळीवर घासलं आणि बाजारात सुरमई हुंगावी तसं डोळे मिटून हुंगलं.

"नळीत वास मुरलेला नाही. टाकी घुसमटलीय."

टाकीची हवेची वाट मिठाने बुजली होती. ती त्यांनी तारेने मोकळी केली.

"फिनेल बंद कर रे. आत घाण खाणारे जंतू असतात, त्यांना हवा लागते. तू त्यांनाच मारतोस."

आठवड्याने त्या परत आल्या आणि संडासाच्या दारात बसून त्यांनी जेवणाचा डबा उघडला.

"कसला वास येतोय?"

"बोंबलाचा."

"अजून?"

आयुष्यात पहिल्यांदाच मी संडासात खोल श्वास घेतला. नुसता बोंबील!