जपानी खोकी आणि डोंगरातली चीड

मागे तुम्ही मला पाइनच्या लाकडाची शिवणकामाची पेटी पाठवणार होतात आणि मी नको म्हटलं. तुम्हाला वाईट वाटलं असेल, म्हणून मला पाइनची पेटी का बघवत नाही ते लिहिते.

ऐंशीच्या दशकात आम्ही मुलुंडला राहत होतो. तुमचे आजोबा तिथल्याच एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे. कारखान्यात जपानहून यंत्रं आली, ती पाइनच्या फळ्यांच्या मोठ्या खोक्यांतून. रिकामी खोकी आजोबांनी रीतसर परवानगी घेऊन घरी आणली, कारण त्यांच्या धाकट्या भावाची, म्हणजे माझ्या दिराची, सैन्यातली बदली कुमाऊंच्या डोंगरात झाली होती. सामान आमच्याकडूनच जायचं होतं. माझ्या जावेने काचसामानासाठी पेंढासुद्धा आणून ठेवला.

मी तेव्हा घाटकोपरच्या एका कॉलेजात झूलॉजीची प्रॅक्टिकल्स घेत असे. जपानमधली पाइनची जंगलं एका सूत्रकृमीमुळे वाळत आहेत, असं मी लायब्ररीतल्या एका इंग्रजी नियतकालिकात वाचलं होतं. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, दोऱ्यासारखा हा किडा भुंगेऱ्याबरोबर एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. झाडाचं पाणी वर चढणं थांबतं आणि हिरवंगार झाड बघता बघता तांबडं होतं. आता ही खोकी निघाली होती चिडीच्या जंगलात. चीड म्हणजे पाइनच.

एका फळीला भुंगेऱ्याने पाडल्यासारखं, पेन्सिल जाईल एवढं गोल भोक होतं. लाकडात बुरशीचे निळसर पट्टे होते; रोगट झाडात असे दिसतात. त्या फळीच्या ढलप्या मी फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात ठेवल्या आणि तळाचं पाणी कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. काहीतरी वळवळत होतं.

"तोच किडा?" दिराने विचारलं.

"सांगता येत नाही. लाकडात निरुपद्रवी सूत्रकृमीही असतात. ओळखायला तज्ज्ञ लागतो."

"म्हणजे नुसता संशय."

"हो."

जाऊ पेंढा सारखा करत होती. ती वर न बघता म्हणाली, "ताई, खोकी द्यायची नसतील तर सरळ सांगा ना. बिचाऱ्या किड्यांना कशाला मध्ये घालता?"

"अगं, लोक या लाकडाची देवघरं करतात," आजोबा म्हणाले.

"मुंबईत करू देत," मी म्हटलं. "इथे पाइन आहेत कुठे?"

"तिकडची झाडं दणकट आहेत, वहिनी," दीर म्हणाला. "थंडीवारा सोसतात."

मी त्याला वाचलेलं सांगितलं. जपानमध्येही वाळलेल्या जंगलात एखादं झाड हिरवं राहतं. पण शास्त्रज्ञ त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. ते दणकट म्हणून वाचलं, की भुंगेरा त्याच्याकडे फिरकलाच नाही म्हणून? मग ते त्याचं बी पेरतात, रोपांत मुद्दाम किडे सोडतात आणि तरीही जी जगतात, तीच पुढे वाढवतात.

"आपल्या चिडीची अशी परीक्षा कोणी घेतल्याचं मी तरी वाचलेलं नाही," मी म्हणाले. "तुझ्या कपबश्यांच्या खोक्यांनी ती घ्यायला नको."

"आणि माझ्या कपबश्यांची परीक्षा झाली तर?" जाऊ म्हणाली.

शेवटी दिराने घरातल्या लोखंडी ट्रंका बाहेर काढल्या.

खोकी फोडून आम्ही गॅलरीतल्या बंबात जाळली. प्रत्येक फळी आत घालण्यापूर्वी मी दोन्ही बाजूंनी तपासत होते. राळेमुळे ती भडाभडा पेटायची. तेवढे दिवस जावेने बंबातलं पाणी न घेता गार पाण्याने आंघोळ केली. मी केलेल्या लाडवांचा डबा तिने प्रवासाला नेला, पण हसली नाही.

तिकडे पोचल्यावर तिचा ट्रंक कॉल आला.

"अर्धा टी-सेट फुटला, ताई. तुमची झाडं उभी आहेत. झालं समाधान?"

"सगळी हिरवी आहेत?"



"फाटकाजवळचं एक तांबूस आहे," ती म्हणाली. "पण आम्ही येण्याआधीपासून."

"आधीपासून, हे तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? जीपमधून मी उतरले ती आधी झाडंच बघत फिरले. आता मला इथे कोणाचंच खोकं बघवत नाही. काय करून ठेवलंत माझं?"