उमरठला कुणाकडं?

वीर स्टेशनावर उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि माझ्या पिशवीतल्या कागदांवर माझी दोन आडनावं होती.

मुलीच्या, प्रज्ञाच्या, कामासाठी निघालो होतो. इंजिनीअर झाल्यापासून ती परदेशात नोकरी शोधत होती. मुलाखती चांगल्या होत, मग विचारणा येई, इथे काम करायचा परवाना आहे का? नाही म्हटलं की पुढे उत्तरच येत नसे. अखेर आयर्लंडमधली एक कंपनी तिचा व्हिसा स्वतःच्या जबाबदारीवर काढायला तयार झाली. त्यांना शुक्रवारपर्यंत जन्मदाखला हवा होता. प्रज्ञाचा जन्म माझ्या गावचा, पोलादपूरजवळच्या उमरठचा. दाखल्यावर आडनाव कांबळे, पदवीवर आणि पासपोर्टवर उमरठकर. "ग्रामपंचायतीतल्या कारकुनाची चूक," असं मी तिला सांगितलं होतं.

ग्रामसेवकांनी फोनवर समजावलं होतं. तेव्हा जे नाव होतं तेच नोंदीत राहणार. नाव बदलल्याच्या गॅझेटची प्रत जोडा आणि दोन्ही नावांचा माणूस एकच, असा गावातल्या दोघांचा जबाब आणा. ऐकायला सोपं होतं. पण गावाचं नाव लावल्यापासून मी गावाला जाणंच सोडलं होतं.

महाडला रिक्षा चवदार तळ्याजवळून गेली. लहानपणी वडील मला दर वर्षी इथे आणत. मी मोबाइल बघत बसलो.

स्टँडवर मिळाली ती पोलादपूरवरून जाणारी खेडची गाडी पकडली. गावात काय सांगायचं, याची मनात जुळवाजुळव करता करता कशेडी घाटाचा चढ सुरू झाला.

"पोलादपूरला दोनदा ओरडलो," कंडक्टर म्हणाला. "झोपला होता का?"

"जागाच होतो."

"मग अवघड आहे," म्हणत त्याने बेल मारली.

पायथ्याशी उतरल्यावर उलट दिशेचा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर आमच्याच भागातला निघाला. "उमरठला कुणाकडं?" त्याने विचारलं. आमच्याकडे हा साधा प्रश्न. एक आडनाव सांगितलं की माणसाची वाडी कळते, घर कळतं. मी म्हणालो, "असंच, काम आहे." त्याने पुढे विचारलं नाही. पोलादपूरला उतरताना मलाच कळेना, मी त्याच्यापासून काय लपवलं.

तिथून जीपने उमरठ. बौद्धवाडीतलं चुलतभावाचं घर तेवढं ओळखीचं वाटलं. गौतमदादा ओटीवर दोरी वळत बसला होता.

"कोण रे?"

"सुभाष."

"कुठला सुभाष?" त्याने ओळखलं होतं, तरी विचारलं.

"पुरे झालं आता," वहिनी आतून म्हणाली. "ये रे, जेवून घे."

नाचणीची भाकरी आणि पिठी (कुळथाच्या पिठाचं पातळ कालवण) समोर आली. खाता खाता सगळं सांगितलं. दादाला कंपनीचं कळेना.

"ती कंपनी हिची कोण लागते?"

"कोणी नाही. ती तिथल्या सरकारला सांगते, या मुलीची जबाबदारी आमची."

"म्हंजे जामीन. पोरीला न बघता?"

"फोनवर बघितलंय."

"आमी तर तुला नागडा बघितलाय," दादा म्हणाला. "सही करतो. पर वाडीचा नेम हाय. कागद विहारात वाचल्याबिगर सही नाय."

हा नेम मी विसरलो होतो. पूर्वी वाडीतल्या लोकांना कागद वाचून न दाखवता त्यांचे अंगठे घेत, म्हणून वडीलधाऱ्यांनी तो घातला होता. ज्याचं काम त्यानेच वाचायचं.

पाच वाजता विहारात पंधरा-वीस जण जमले. मी उभा राहिलो. "मी सुभाष उमरठकर, पूर्वीचा सुभाष कांबळे," एवढं वाचून थांबलो. पुढचं कसंबसं वाचलं.

पुढे बसलेल्या सोनाकाकीने विचारलं, "मंग बदललंस कशाला रे?"

कार्यालयीन सोय, असं उत्तर मी जीपमध्ये तयार केलं होतं. समोर बाबासाहेबांची तसबीर होती. म्हणालो, "पुण्यात खोली मिळत नव्हती. आडनाव ऐकलं की नाही म्हणायचे."



"आन् मंग मिळाली?" काकीने विचारलं.

"मिळाली."

"मोठी हाय?"

"दोन खोल्या."

"एवढ्यासाठी गाव सोडलास व्हय," काकी म्हणाली. माणसं हसली. मीही हसलो, पण कशाला ते कळलं नाही. दादाने सही केली, त्याखाली काकीने सावकाश अक्षर लावत स्वतःचं नाव लिहिलं. आडनाव पूर्ण लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकांचा शिक्का घेऊन वीरला आलो. फलाटावर प्रज्ञाचा फोन आला.

"झालं का बाबा? फॉर्ममध्ये एक रकाना आहे. कुटुंबाचं आधीचं नाव. तो रिकामा ठेवू ना? चूक तर कारकुनाची होती."

दोन खोल्यांच्या त्या घरात ती वाढली, शिकली. नाव बदललं नसतं तर? बदलून तिचं भलं केलं की तिच्यापासून काही काढून घेतलं? दोन दिवस फिरूनही मला याचं उत्तर सापडलेलं नाही. एवढंच कळत होतं, की जी कंपनी तिच्यासाठी जामीन राहते आहे तिला प्रज्ञा आता माझ्या खोट्यावर विसंबून उत्तर देणार होती.

"रिकामा ठेवू नकोस," मी म्हणालो. "कांबळे लिही. चूक कारकुनाची नव्हती."

गाडी येताना दिसली.

"उमरठला आपलं कोण आहे बाबा?" तिने विचारलं.

मी सांगायला सुरुवात केली. गाडी आली आणि गेली. मी बाकावरच होतो.