आईची अर्धी वीट आणि बाबांची लिव्हर

मंडळी, आज सकाळी आईला घेऊन प्रताप नगरच्या मिस्त्रीकाकांकडे गेले होते. परत येताना मागे वेगळीच आई बसली होती!

माझे गुडघे गेलेत, म्हणून तीन चाकांची गाडी घेतली. तिला हँडब्रेकची लिव्हर बसवायची होती.

बाबांचा पाय पोलिओनं अधू. सत्तरच्या दशकात ते तीनचाकी मोटारसायकलवर घरोघरी रेडिओ दुरुस्त करत फिरायचे. तिला हँडब्रेक नव्हता, उतारावर उभी केली की घरंगळायची. म्हणून आई रोज सोबत जायची. गाडी थांबली की टुणकन उतरून पिशवीतली अर्धी वीट चाकाखाली लावायची. आणि कुरकुरायची, "एक लिव्हर लावून घेत नाही हे!"

आजही तीच कुरकुर सुरू झाली. त्या काळी बाबांची गाडी सांभाळणारे मिस्त्रीकाका हसले. म्हणाले, "वहिनी, मी तर फुकटात लावून देत होतो. भाऊच म्हणे, राहू दे गा, लिव्हर लावली तर तुयी वहिनी संगं कायले येईन?"

आई म्हणाली, "मले तर म्हणे, मिस्त्रीले फुरसतच नाही." आणि ऐंशीव्या वर्षी पदरात तोंड लपवून अशी लाजली!

काकांनी मला विचारलं, "मग, लावू का लिव्हर?"

माझ्याआधी आईच बोलली, "राहू द्या भाऊ. मी आहो नं."

आता तुम्हीच सांगा, लिव्हर लावू की वीट शोधू?