गच्चीवरची होडी

मी देशावरचा माणूस. होडीत पाय ठेवायची वेळ आयुष्यात आली नाही, पण होडी विकायला मदत केली आहे, आणि तीही नोएडातल्या एका गच्चीवरून.

होडी शेजारच्या सूर्यकांतरावांची. माणूस मूळचा रेवदंड्याचा, दिल्लीत सरकारी खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेला. कुठल्याशा वकिलातीतला साहेब मायदेशी निघाला, त्याचं सामान विकायला निघालं, तेव्हा बाकीच्यांनी फ्रीज उचलले आणि ह्यांनी ॲल्युमिनियमची जुनी कॅनू! दोन्हीकडे निमुळती, बुडाचे रिवेट सैल झालेले. दुरुस्त करून यमुनेत उतरवू, म्हणाले. वर्षं गेली, यमुना काळी होत गेली. त्यांच्या पत्नी वीणाताई होडीत जुनं धोतर अंथरून सांडगे वाळवायच्या. नारळी पौर्णिमेला मात्र सांडगे बाहेर, होडी लखलखीत, तिच्या नाकावर हळदकुंकू, पुढे नारळ. पाणी बघितलं नाही म्हणून काय झालं, होडीच ना ती, म्हणायच्या. मग नारळाच्या वड्या आमच्याकडे यायच्या. त्या वड्यांवर मी तासभर बोलेन, पण असो.

वीणाताई गेल्या. सूर्यकांतराव रडले नाहीत. चहा दिला तर पीत, नाही दिला तर मागत नसत. मुलाने, विक्रांतने, गुडगावच्या नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला होता, त्याने बोलावलं. हे हो म्हणाले. होडीचं काय, विचारलं, तर विकू म्हणाले, रद्दी विकावी तसं. एकाच गोष्टीवर अडून बसले: गळकी होडी कुणाला द्यायची नाही. रेवदंड्याला होड्या बांधणाऱ्या त्यांच्या वडिलांनी कधी दिली नव्हती.

करोल बागेतून रिवेट आणले. ते ठोकायचे, मी पलीकडून लोखंड धरायचो. आणि परीक्षेची गंमत ऐका. होडी पाण्यात नाही, पाणी होडीत! विटांवर ठेवून आत बादल्या ओतायच्या आणि बुडाखालून हात फिरवायचा. एका दुपारी त्यांचा हात कोरडा निघाला.

"झालं," म्हणाले. टाळ्या मीच पिटल्या.

जाहिरात वाचून आला एक लग्नाचा केटरर. त्याला होडीत बर्फ भरून कोल्ड्रिंकच्या बाटल्या मांडायच्या होत्या. खाली वाकून पाहिलं आणि त्याचं तोंड पडलं.

"अंकलजी, इसमें तो एक भी छेद नहीं. बर्फ का पानी कहाँ जाएगा?"

मला हसू फुटणार होतं. सूर्यकांतरावांकडे पाहिलं आणि गिळलं. आता हा माणूस त्याला हाकलणार, असं मला वाटलं. ते खाली गेले, ड्रिल घेऊन वर आले आणि स्वतःच बसवलेले रिवेट एकेक करून पाडू लागले. चेहऱ्यावर काही नाही. केटररने होडीच्या नाकाकडे बोट दाखवलं, इथेही एक भोक हवं. तिथे कुंकवाचा जुना डाग होता. ड्रिल थांबलं.

"यहाँ नहीं," ते म्हणाले. "बाकी जहाँ चाहो."

पुढच्या थंडीत आमच्या सेक्टरमधल्या एका लग्नात ती होडी दिसली. बर्फात काळ्या-नारिंगी बाटल्या, भोवती पोरांची झुंबड. सूर्यकांतराव गुडगावहून आले होते. त्यांनी सवयीने बुडाखाली हात घातला, ओला तळवा बघितला, मग होडीच्या नाकावरून फिरवला. कुंकू पॉलिशमध्ये गेलं होतं, पत्रा मात्र अखंड होता.

"गळते," म्हणाले. रुमालाने हात पुसला आणि माझ्यामागे जेवणाच्या रांगेत उभे राहिले.