तेल न सांडलेली प्रयोगशाळा

एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या अध्यक्षांनी आपल्याच विद्यार्थ्यांना फसवले. दुसऱ्याच्या मशिन स्वतःच्या म्हणून दाखवून मूल्यांकनात वरची श्रेणी मिळवली आणि त्या श्रेणीच्या जाहिराती करून प्रवेश भरले. निवृत्त झालो, तरी हे प्रकरण माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

तेव्हा मी पुण्याच्या दक्षिण भागातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. यवतमाळची एक विद्यार्थिनी तिसऱ्यांदा अर्ज घेऊन आली होती. ठाणे अंमलदार तिला सांगत होते, "अहो ताई, शिकवत नाहीत म्हणून विद्यापीठात जा. इथे आम्ही चोऱ्या बघतो."

मी तिला आत बोलावले.

"सर, दोन वर्षांत लेथला हात नाही लावला जी. जर्नलमध्ये रीडिंग मात्र लिहून घेतात."

"मग कॉलेज सोड."

"सोडूनच राहिली ना मी! पण दहावी-बारावीचे मूळ कागद त्यांच्याकडे आहेत. कॉलेजात लेखी तक्रार केली, ती मागे घे, मग देतो म्हणतात."

दुसऱ्या कॉलेजात कागद दाखवायची मुदत दहा दिवसांवर होती. ती हुकली की वर्ष गेले.

प्राथमिक चौकशीला मी स्वतः गेलो. प्रयोगशाळेत लेथ, म्हणजे लोखंड कातायच्या मशिन, नव्हत्या. अध्यक्ष म्हणाले, "दुरुस्तीला गेल्यात. आणि साहेब, आमचा दर्जा तज्ज्ञांच्या समितीने ठरवलाय. आपण तिच्याहून मोठे का?" माझा तोल गेला. टेबलावर हात आपटून नको ते बोललो. तासाभरात वरून फोन आला: शिक्षणाच्या भानगडीत पडू नका. माझ्या रागाने तपासाचे नुकसान झाले, हे मी कबूल करतो.

मग ओळखीच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेलो. ही श्रेणी म्हणजे काय, हे आधी समजून घ्यायचे होते. ते म्हणाले, "कॉलेजं मोजकी होती तेव्हा विद्यापीठाची समिती पुरायची. मग ती गल्लोगल्ली झाली, तेव्हा दर्जा तपासायला वेगळी यंत्रणा उभी करावी लागली. सुरुवातीला कोणी फिरकेना. स्वतःची परीक्षा कोण मागून घेतो? पुढे अनुदान आणि सवलती त्याला जोडल्या, तशी रांग लागली."

"आणि खोटेपणा?"

"तोही रांगेतच उभा राहिला. अहो, वजनांवर सरकारी शिक्का आला तेव्हा खोटा शिक्का मारणाराही आला. म्हणून काय डोळ्यांनी मापायचं? तपासणाऱ्याला तपासायचं."

समितीच्या अहवालाची प्रत त्यांनीच मिळवून मला वाचायला दिली. त्यात प्रयोगशाळेचा फोटो होता, चार लेथ. मी पुन्हा कॉलेजात गेलो, या वेळी तोंड बंद ठेवून. पोलीस भरतीआधी चार वर्षे मी हडपसरच्या कारखान्यात लेथ चालवली आहे. लेथ जिथे वर्षभर चालते तिथली फरशी तेल पिते, कितीही पुसा. ही फरशी जेवायला बसावे इतकी स्वच्छ होती. मशिन फरशीला जखडायच्या बोल्टचे एक भोकही नव्हते.

फोटो मोठा करून आणला. एका लेथच्या हँडलला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. रोज आठ तास हँडल फिरवून ज्याचा तळहात सोलवटतो, तो माणूस अशी पट्टी गुंडाळतो. कॉलेजातल्या नव्याकोऱ्या मशिनला तिची गरज काय?

मशिन जवळूनच आणल्या असणार, म्हणून फोटो घेऊन शेजारच्या धायरीतले वर्कशॉप पालथे घातले. अर्ज आल्याच्या सहाव्या दिवशी एका शेडमध्ये मालक स्वतःच लेथवर उभा होता. हँडलला तीच पट्टी.

"फोटोतल्या चारी मशिन माझ्याच हायत, साहेब," तो म्हणाला. "कॉलेजवाले प्रदर्शनाला पाहिजे म्हणले. चार दिवसांनी परत आणून ठेवल्या."

"जबाब द्या. साक्षीदार व्हायचं की आरोपी, तुमचं तुम्ही ठरवा."

"भाजीवानी घासाघीस करताय व्हय?"

"करतोय. त्या पोरीकडे चार दिवस उरलेत."

त्याने मशिन बंद केली, हात पुसले. "कॉलेजच्या खिडक्या-ग्रिलांचं काम माझ्याकडं हाय. ते जाणार आता," एवढे म्हणून तो गाडीत बसला. जबाबात त्याने एक जास्तीची गोष्ट सांगितली. त्या खोलीत लेथला लागणारी थ्री-फेज वीजच नव्हती. मशिन नुसत्या ठेवल्या होत्या, वायर भिंतीमागे सोडून दिलेली.

या जबाबापुढे वरच्यांनाही अडवता आले नाही; फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. कार्यालयाच्या झडतीत कपाटातून तिचे कागद पंचनाम्याने जप्त केले. न्यायालयाच्या आदेशाने ते मुदतीच्या आदल्या दिवशी तिच्या हातात पडले. आज ती चाकणच्या एका कारखान्यात अभियंता आहे. ग्रिलांचे काम त्या मालकाचे खरेच गेले, त्याने कधी बोलून दाखवले नाही. त्याचा, त्या प्राध्यापकांचा आणि दोनदा हाकलूनही तिसऱ्यांदा ठाण्याची पायरी चढलेल्या त्या मुलीचा मी ऋणी आहे. साहेबाने आवाज चढवला की समोरचा सावध होतो, आणि कामात मुरलेल्या माणसाला विचारले की खरे कळते, हे मी त्यांच्यामुळे शिकलो. श्रेणी देणारी यंत्रणा मोडीत काढा, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. तिच्याशिवाय यवतमाळात बसलेल्या बापाने पुण्यातले कॉलेज कशावरून निवडायचे?

पण अहवालाखाली समितीच्या तीन तज्ज्ञांच्या सह्या आहेत. त्या तिघांचे जबाब घेण्याआधीच माझी बदली नियंत्रण कक्षात झाली. पुढे मी दोन पत्रे पाठवली, उत्तर नाही. प्रश्न एकच आहे आणि तो त्या तिघांनाच आहे. 'सुसज्ज प्रयोगशाळा' असे लिहिण्याआधी तुमच्यापैकी एकानेही एक मशिन चालू करून दाखवा, असे का म्हटले नाही? याचे उत्तर मला लेखी हवे आहे.