अरुंधतीसाठी बंद केलेले लाइट

"मेटलचे लाइट बंद करायचे? सगळे?" मी विचारलं.

"सगळे," नवरी म्हणाली.

लग्नाची रोषणाई हा माझा धंदा. देवगडजवळच्या कलमांच्या बागेत गोरज मुहूर्ताचं लग्न होतं. खांबांवर मोठे मेटलचे लाइट, म्हणजे मैदानावर असतात तसले झगझगीत दिवे, मीच चढवले होते. या लाइटला एक खोड आहे. बंद केला की गार झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. पाव तास तरी काळोख.

नवरी मेघा जामसंड्याला शाळेत विज्ञान शिकवते. सप्तपदीनंतर भटजी अरुंधतीचा तारा दाखवून विचारतात, "दिसली?" सगळी नवरा-नवरी मंडपाच्या कापडाकडे बघून "दिसली" म्हणतात.

"माका संसाराची सुरवात खोट्यान करूची नाय," मेघा म्हणाली. "दिसली तरच हो म्हणतलंय."

तिचे वडील बाबलकाका हादरले. "अगो, पंगत बसलेली आसतली! पानावर दिवो विझलो तर कोण जेवात? लोक तोंडात शेण घालतीत!"

खरंच होतं. जेवताना दिवा विझला तर घास थांबवायचा, ही आमच्याकडची रीत.

"काका, पंगत तारे बघल्यावर बसवया," मी म्हटलं.

"लाइट परत पेटले नाय, तर तुका सोडूचंय नाय!"

सप्तपदी झाली. सगळे मंडपाबाहेर आले. मी मेन स्विच खाली ओढला.

आधी कुरकुर झाली. मग आकाशात एकेक करत तारे वाढत गेले आणि माणसं माना वर करून बघू लागली. खांबांवर चढण्यात माझं आयुष्य गेलं, पण खांबाच्या वर एवढं काही असेल असं वाटलं नव्हतं.

उत्तरेला सप्तर्षी होते. चार ताऱ्यांचा चौकोन, तीन ताऱ्यांची शेपूट. चौकोनाच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ खाली वाढवली की ध्रुव. त्याच्यावरून खलाशी उत्तर दिशा धरत आले. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला खेटून बारीकशी अरुंधती. पूर्वी नजरेची पारख याच जोडीवर करत, असं मेघाने सांगितलं.

"ह्यो उजेड थंयसून निघालो तेव्हा माझ्या आज्याचा लगीनय झाला नव्हता," ती म्हणाली.

भटजींनी नवऱ्याला विचारलं, "दिसली?"

त्याने चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. "दिसणा नाय. माका एकच तारो दिसता."

कोणीतरी हसलं. भटजी गडबडले. मेघाने मात्र नवऱ्याचा हात घट्ट धरला.

"माका दिसली, भटजी. आणि ह्यो खरा बोललो, माका तेवढाच होया होता. त्याका मी दाखवीन."

भटजींनी अक्षता टाकल्या. मी स्विचकडे वळलो, तर बाबलकाकांनी माझा दंड धरला. त्यांची नजर अजून आकाशातच शोधत होती.

"रव रे जरा. माका खंय गावली अजून?"

पंगत बरीच उशिरा बसली. कोणी तक्रार केली नाही. लाइटही पेटले. हल्ली लग्नाचं काम घेताना मी एक प्रश्न जास्त विचारतो: बंद कधी करायचे?