विश्राममिस्त्रींची करंगळी

बोल्ट तोडायला अक्कल लागत नाही, असं विश्राम म्हणायचा, आणि म्हणताना गॅरेजमधल्या निम्म्या लोकांकडे बघायचा. खोपटच्या नाक्यावर परशुराम शेठचं पत्र्याचं गॅरेज होतं. ठाण्यातल्या वकील-डॉक्टरांच्या, पार कल्याणकडच्या व्यापाऱ्यांच्या मोटारी इंजिन उघडायला तिथे येत, त्या विश्रामच्या नावावर. बाकीचे मिस्त्री गंजलेला बोल्ट दिसला की पान्याला लांब पाइप अडकवून त्यावर लोंबकळत. बोल्टचं डोकं हातात यायचं, धड इंजिनात राहायचं. मग शिव्या, मग ड्रिल, मग गिऱ्हाइकाची बोलणी.

विश्रामची तऱ्हा वेगळी. आधी तारेच्या ब्रशने गंज झाडायचा, बोल्टच्या बुडाशी घासलेट सोडायचा आणि चक्क तंबाखू मळत बसायचा. "पिऊ दे त्याला," म्हणायचा. मग हातोडीचे हलके ठोके. बोल्ट सोडवायच्या आधी केसभर आवळायचा आणि मग उलटा फिरवायचा. अडला की पुन्हा मागे. बसवताना तर सुरुवातीला पान्याला शिवायचाच नाही. आटे नीट धरेपर्यंत बोल्ट बोटांनीच फिरवायचा. आणि पान्याचा शेवटचा ओढा फक्त करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटानं द्यायचा. "बाकीच्या हातात ताकद असते," तो सांगायचा, "या दोघींना नुसतं कळतं. बोल्ट कडक लागतो तोवर ठीक. मऊ लागला की समजायचं, ताणला. त्याच्या आत थांबायचं."

त्याची बायको मालन या करंगळीवर मनातून फार खूश होती. कळव्याच्या चाळीत दोघांची एक खोली. दरवर्षी खंडेनवमीला विश्राम पान्यांची पेटी खाडीवरच्या पुलावरून चालत घरी आणायचा. मालन पाने पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू आणि झेंडू वाहायची. मग ओलं कुंकू घेऊन नवऱ्याचा उजवा हात पुढे ओढायची आणि पाची बोटांच्या टोकांना लावायची. "खरं हत्यार हे. ते लोखंड काय, कुणाच्याही घरी असतं." विश्राम डोळे मिटून बसायचा, आणि करंगळीला तिचं बोट लागलं की न चुकता म्हणायचा, "गार आहे गं." ती हसायची. मूलबाळ नसलेल्या त्या घरात एवढी एक गंमत दोघांची होती.

एका वर्षी उन्हाळ्यात करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या यायला लागल्या. हात अंगाखाली आला असेल, म्हणून त्यानं सोडून दिलं. पुढे मुंग्याही थांबल्या, तेव्हा बरं होतंय असं वाटलं. खरं तर तिथूनच वाईट सुरू झालं.

आषाढात एका डॉक्टरांची मोटार आली. इंजिनचं हेड बसवताना विश्रामनं मधल्या बोल्टला दोन बोटांनी शेवटचा ओढा दिला आणि वाट बघितली. कडक लागला नाही, मऊही लागला नाही. अजून थोडं. बोटांवर भरवसा राहीना, म्हणून त्यानं सगळी मूठ लावली. कट्. बोल्टचं डोकं मडगार्डवर आपटून खाली पडलं. त्या गॅरेजात बोल्ट रोज तुटायचे, कुणी मान वर करत नसे. या एका आवाजाला सगळ्यांचे हात थांबले.

"बोल्ट जुना असेल, मिस्त्री," काळुराम म्हणाला. तो शेजारच्या मोटारीखालून बाहेर आला होता.

"नवा होता," विश्राम म्हणाला.

मग त्याला भीतीच बसली. तुटण्यापेक्षा सैल बरा, असं म्हणत तो हात राखून आवळू लागला. आयुष्यात कधी केली नव्हती ती चूक. कल्याणच्या एका व्यापाऱ्याची मोटार त्यानं अशीच बांधून दिली, आणि ती भर रस्त्यात हेडखालून पाणी ओकत उभी राहिली. तिला दोरी बांधून परत आणली, तेव्हा विश्राम तिच्याजवळ गेला नाही.

आधीचे डॉक्टर पुन्हा मोटार घेऊन आले तेव्हा शेठनं त्यांनाच विश्रामचा हात दाखवला. त्यांनी सुई टोचली. विश्रामला कळलं नाही.

"महारोग नाही ना, डॉक्टरसाहेब?"

"नाही रे. कोपरातली नस दबलीय. मडगार्डवर कोपर टेकून किती वर्षं काम केलंस?"

विश्रामला हसू आलं. दुसरं त्यानं केलंच काय होतं? "बरं होईल?"

"कोपर टेकणं बंद कर. पण गेलेलं परत येईल, असं मी सांगणार नाही."

शेठ शिव्या घालेल, असं विश्रामला वाटलं होतं. घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं. शेठ त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू कुठे जाऊ नकोस. गाड्या धू, ग्रीस मार. फक्त इंजिनला हात लावू नकोस, विश्राम." त्या दिवशी पुलावर थांबून तो खाडीकडे बघत खूप रडला. घरी तोंड धुऊन गेला.

मालनला त्यानं सांगितलं नाही. तिनं रडून घर डोक्यावर घेतलं असतं तरी चाललं असतं. पण ती म्हणाली असती, "असू द्या," आणि ते त्याला सोसवलं नसतं. ज्या हाताची ती पूजा करायची तो मेला, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तो गाड्या धुवायचा आणि घरी इंजिनच्या गोष्टी रचून सांगायचा. मालन कौतुकानं ऐकायची.

खंडेनवमी आली. विश्रामनं पेटी उचलली. काळुराम गॅरेजच्या दारापर्यंत ती धरू लागला. पेटी आता परत येणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

मालननं पाने मांडले, फुलं वाहिली. "बसा हो. हात आणा इकडे."

त्यानं डोळे मिटले. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. ओला स्पर्श नीट कळत होता. मग काही कळेना. लावत असेल, असं धरून तो थोडा थांबला, आणि मग ओठांवर हसू आणून म्हणाला, "गार आहे गं."

ती हसली नाही. त्यानं डोळे उघडले. मालनचं बोट अजून वाटीत होतं. कुंकू सुकलं म्हणून ती त्यात पाणी कालवत होती.

ती त्याच्या हाताकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

तिनं पदरानं डोळे पुसले. मग त्याचा हात मांडीवर घेतला, आणि राहिलेल्या दोन्ही बोटांना दाबून दाबून कुंकू लावलं. विश्रामनं या वेळी डोळे मिटले नाहीत. तिनं लावलंय, हे कळायला आता त्याला बघावंच लागणार होतं.